दुमडलेले कोपरे

नव्या मुख्याधिकारी बाई नगरपालिकेत रुजू झाल्या, त्या दिवशी त्यांनी एकच बदल केला. टेबलावरची घंटी उचलून खणात ठेवून दिली. हेडक्लार्कने ते पाहिलं आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकतीस वर्षांत त्याने अकरा साहेब पाहिले होते. कुणी आल्या आल्या पडदे बदलले, कुणी खुर्ची, एकाने तर भिंत फोडून केबिनचा दरवाजाच हलवला. ते सगळे कळण्यासारखे होते. घंटी न वाजवणारा साहेब मात्र कळण्यासारखा नव्हता. जो घंटी वाजवत नाही तो स्वतः उठून येणार, आणि उठून आलेला साहेब कुठे कुठे डोकावेल याचा काही नेम नाही.

आणि बाई डोकावू लागल्याच. मंगळवारी त्या खिडकीवर बसल्या, लोकांचे अर्ज स्वतः घेतले. बुधवारी नळखात्याच्या फिटरबरोबर पायी फिरल्या. रोज संध्याकाळी हेडक्लार्कच्या कपाटातून तीन फायली मागायच्या आणि सकाळी जशाच्या तशा परत द्यायच्या, एक शब्द न बोलता. शेरा नाही, प्रश्न नाही, रागावणं तर नाहीच. रागावणाऱ्या साहेबाची हेडक्लार्कला सवय होती. न रागावणारा साहेब पुरावा गोळा करत असतो, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याला निवृत्तीला आठ महिने उरले होते. मोठं काही मागणं नव्हतं त्याचं. आला तसं नाकासमोर चालत बाहेर पडायचं, नावाला बट्टा न लागता, एवढंच. आणि नेमकी तीच गोष्ट त्या कपाटात अडकलेली होती.

त्याचं असं होतं. त्या नगरपालिकेत कुणाचा अर्ज नामंजूर होत नसे, तो नुसता राहत असे. कुणाच्या गटाराचा, कुणाच्या दिव्याचा, कुणाच्या नळाचा. अध्यक्षांचा फोन यायचा, "ते जरा थांबवा." नाहीतर एखादा सभासद जाता जाता कानात सांगायचा. कागदावर कुणीच काही द्यायचं नाही. हेडक्लार्क नियमाचा माणूस, त्याला विनाकारण कागद अडवणं जिवावर यायचं. म्हणून त्याने आपल्यापुरती एक पद्धत काढली होती. थांबवलेल्या अर्जाचा वरचा उजवा कोपरा तो दुमडायचा आणि घडीच्या आत पेन्सिलीने बारीक लिहायचा, तारीख आणि कुणी सांगितलं त्याचं नाव. उद्या कुणी विचारलंच, तर घडी उलगडून दाखवता यावी. आजवर कुणी विचारलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला कागद दुमडायची खोड आहे.

एका सकाळी बाई कपाटापाशी येऊन उभ्या राहिल्या. एका अर्जाच्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून त्यांनी सावकाश अंगठा फिरवला.

"हे अर्ज इथंच का थांबलेत?"

"प्रक्रियेत आहेत, मॅडम."

"किती वर्षांची प्रक्रिया असते ही?"

"तसं नक्की सांगता यायचं नाही."

बाई हसल्या आणि निघून गेल्या. त्याने कपाटाला कुलूप घातलं, आणि त्या दिवसापासून बाई दिसल्या की त्याचा हात आपोआप कपाटाच्या दाराकडे जाऊ लागला.

त्यात शिपायाने तेल ओतलं. "काय हो, ऐकलंत का? मंगळवारी सभा आहे. एक्केचाळीस अर्ज कुणी अडवले, असा प्रश्न अध्यक्षांनी स्वतः लावलाय. मॅडमनी तुमच्याच टेबलाची माहिती मागवलीय म्हणे. मी आपलं कानावर घातलं."

"अध्यक्षांनी स्वतः?"

"मग काय तर! म्हणाले, कारकून लोक फायलींवर बसून राहतात."

आता हेडक्लार्कला सगळं लख्ख दिसू लागलं, निदान तसं वाटलं तरी. बाई आणि अध्यक्ष एकत्र आहेत. घडीतली नावं बाईंनी पाहिली, तर त्या ती अध्यक्षांना दाखवणार. मग अध्यक्ष म्हणणार, हा कारकून आमच्यावर पाळत ठेवत होता. झालं, आठ महिने दूरच, आठ दिवसांतच घरी.

शनिवारी सुट्टी होती. दुपारी तो बायकोची इस्त्री कापडी पिशवीत घालून ऑफिसात गेला. बायकोने विचारलं, "इस्त्री कुठं घेऊन निघालात?" तो म्हणाला, "खुर्चीवरचं कापड चुरगळलंय." इतकं नेभळट खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता. रिकाम्या ऑफिसात त्याने टेबलावर जुनी चादर पसरली, एकेक कोपरा उलगडला, पेन्सिलीने लिहिलेलं खोडरबराने पुसलं आणि वरून इस्त्री फिरवली. एक्केचाळीस कोपरे. एकाच अर्जावर हात थबकला आणि इस्त्री जराशी जास्त टेकली. कागदाला तांबूस चटका बसला.

तो अर्ज चढावरच्या गल्लीच्या नळाचा होता. त्या गल्लीत त्याची ताई राहत होती, सख्खी, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. सहा वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीने मिळून अर्ज केला होता. तेव्हाही ताई चढाच्या पायथ्याच्या नळावरून बादली नेत होती. आता तिचे गुडघे गेले होते. अर्धी बादली भरायची, तीनदा टेकायची, वर जायची. रविवारी तो भेटायला गेला की ती विचारायची, "आमच्या नळाचं काय रे झालं?" तो म्हणायचा, "प्रक्रियेत आहे, ताई." आणि ती निर्धास्त व्हायची. "तू आहेस ना तिथं? मग होईल." त्या वाक्याने त्याला दर रविवारी आतून जाळलं होतं. तरी पुढच्या सोमवारी तो त्या फायलीला हात लावत नसे.

या रविवारी मात्र तो ताईकडे गेलाच नाही.

सोमवारी बाई संध्याकाळची वाट न बघता सकाळीच तीन फायली मागायला आल्या. पहिली उघडली, दुसरी उघडली, मग त्यांनी कागद नाकापाशी नेला.

"भाजल्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. मग भराभर बाकीच्या फायली चाळल्या आणि मटकन त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. "काय केलंत हे?"

"मॅडम, कागद नीटनेटके असावेत म्हणून..."

"मी सात-आठ घड्या उलगडून वाचल्या होत्या." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "या ऑफिसात खरं लिहिलेलं तेवढंच होतं. बाकी सगळीकडे प्रक्रियेत, प्रक्रियेत. म्हटलं, इथं एक तरी माणूस आहे, जो प्रत्येक थांबवलेल्या कामामागचं नाव लिहून ठेवतो. उद्याच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. यापुढे कुणालाही काम थांबवायचं असेल तर त्याने लेखी द्यायचं, कारण आणि सही. तोंडी काही चालणार नाही. आणि हे का हवं म्हणून विचारलं, तर मी तुमचे कोपरे पुढं ठेवणार होते."

"मग तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं होतं. तुम्ही प्रक्रिया म्हणालात. नंतर मी दिसले की तुम्ही कपाट लावून घ्यायचात. म्हटलं, माणूस घाबरलाय, वेळ देऊ." त्या थांबल्या. "चुकलंच माझं. जास्त वेळ दिला."

हेडक्लार्कने कपाटाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती घडी उलगडून वाचली होती, आणि त्याने ती स्वतःच्या हाताने पुसली होती. आता त्या कपाटात एक्केचाळीस अडवलेले अर्ज होते आणि अडवणारा म्हणून दिसायला एकटा तोच होता.

"मला सगळी नावं पाठ आहेत," तो घाईघाईने म्हणाला. "तारखांसकट. मी आत्ता लिहून देतो."

"द्या ना. पण पेन्सिलीचं होतं ते त्या त्या दिवशीचं होतं. हे आजचं असेल. अध्यक्ष म्हणतील, नोकरी वाचवायला दुसऱ्यांवर ढकलतोय. आणि लोकांना ते पटेलही."

बरोबर होतं. त्यालाही पटलं असतं. तो उठला आणि चटका बसलेला अर्ज काढून आणला. कोपरा त्याने नुसता बोटाने ढकलला, तर कागद जुन्याच घडीवर मुकाट्याने दुमडला. खोडरबराने अक्षरं गेली होती, इस्त्रीने घडी गेली नव्हती.

"हा पहिला वाचा उद्या," तो म्हणाला.

"यात कुणाचं नाव होतं?"

"माझं."

बाईंनी मान वर केली.

"या गल्लीत माझी बहीण राहते. हा अर्ज मला कुणीच थांबवायला सांगितला नव्हता, मॅडम. मीच थांबवला. पुढं सरकवला असता तर लोक म्हणाले असते, बहिणीचा नळ म्हणून लगेच झाला."

"कोण म्हणालं होतं तसं?"

त्याने आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. "कुणीच नाही," तो म्हणाला. "सहा वर्षांत कुणीच नाही."

खिडकीवर लोक जमू लागले होते. "आधी स्वतःचं नाव देणारा दुसऱ्यांवर ढकलतोय, असं कुणी म्हणणार नाही," म्हणत बाईंनी आपलं पेन त्याच्यापुढे सरकवलं. त्याने घडीच्या आत शाईने तारीख लिहिली, खाली नाव, आणि आयुष्यभर नुसती आद्याक्षरं करणाऱ्या त्या माणसाने पूर्ण सही केली. मग पुढचा अर्ज ओढला. पुढची चाळीस नावं लिहिताना त्याचा हात कुठंच अडखळला नाही.

शेवटचा कागद झाल्यावर बाई म्हणाल्या, "सभेत हे सगळ्या गावाला कळेल. त्याआधी तुमच्या बहिणीला तुमच्या तोंडून कळू दे. नळ महिन्याभरात लावू, तेही सांगा. आत्ता जा. खिडकी मी बघते."

तो गेला. ताई पायथ्याच्या नळावरच होती. अवेळी भावाला बघून तिचा चेहरा फुलला. "झालं वाटतं आमच्या नळाचं?" त्याने आधी तिच्या हातातली अर्धी बादली घेतली आणि मग उभ्या उभ्या सांगितलं, काहीही न लपवता. नळ महिन्याभरात येईल हेही सांगितलं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "आणि मी गल्लीत सगळ्यांना सांगत होते, माझा भाऊ आहे तिथं."

मग तिने बादली त्याच्या हातातून परत घेतली, पदराने हात पुसला आणि एकटीच चढ चढू लागली. पहिल्या वळणावर ती टेकली. तो दोन पावलं पुढे झाला. तिने मागे न बघता हात वर करून त्याला तिथंच थांबवलं.