कुजके स्लीपर आणि दोन देश

ग्यानोबाला रेल्वेची लाईन कळायची, देश कळत नव्हते. पण लेक पंचशीला जेवतानासुद्धा दोन देशांचंच घेऊन बसली, तर बिचाऱ्या बापाच्या घशाखाली घास उतरावा कसा? तो मुदखेडचा गँगमन, रुळांची डागडुजी करणारा. दोन महिन्यांत रिटायर होणार, रेल्वेची खोली सोडावी लागणार. जायचं कुठं? सगळी भिस्त पंचशीलेच्या नोकरीवर. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, तिथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्राची एकच जागा निघालेली. मुलाखत आज होती.

एस.टी.त बसल्यावरही तिचं तेच. बाहेर रान करपलेलं. लातुरात घोटभर पाणी मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ग्यानोबा मांडीवर भरली कळशी सांभाळत होता.

"बा, एक देश बेटावरचा, एक डोंगरातला. दोन्ही आपल्या जिल्ह्याएवढे. डोंगरवाले कमाईच्या शंभरातले तीस रुपये रस्ते, इमारती, यंत्रांत घालतात, बेटवाले वीसच. तरी बेटवालेच पुढं! हेच विचारणार बघ मला."

"मग पुस्तकात काय लिवलंय?"

"धा उत्तरं हायेत. एकबी पटंना."

ग्यानोबाने कळशीवरचं फडकं नीट केलं. "डोंगरात दरडी कोसळत असतील की."

"त्याचं काय?"

"अगं, ते तीस रुपये नव्या रस्त्याला गेले, का वाहून गेलेला परत बांधायला? माझंच बघ. तीस वर्सं रुळाखालचे कुजके स्लीपर काढून नवे टाकत राहिलो. सरकारचा लई पैसा गेला. पण लाईन एक फूट तरी वाढली का?"

पंचशीला ताडकन सरळ बसली. "घसारा! झीज भरून काढायचा खर्च! बा, मी घसारा वजाच केला न्हाई!" मग कागद काढून तिने अशी खरड सुरू केली, की वाटेतलं अहमदपूर येऊन गेलं तरी बाईसाहेबांना पत्ता नाही.

कॉलेजात ती आत गेली. ग्यानोबा कळशी घेऊन लिंबाखाली बसला. घटकाभराने शिपाई आला. "ग्यानोबा कोण? साहेबांनी आत बोलावलंय."

ग्यानोबा धडपडत उठला. पोरीने आपलं नाव सांगून घोळ घातला वाटतं! त्याने दाराशी चपला काढल्या, हात जोडले. "साहेब, पोरीची चूक न्हाई. मीच आडाणी बोलून गेलो. तिची नोकरी तेवढी..."

प्राचार्य शिवमूर्ती खुर्चीतून उठले. "आधी बसा हो. हे घसाऱ्याचं कोणत्या पुस्तकात वाचलं, असं विचारलं तिला. म्हणाली, माझ्या बापानं सांगितलं, बाहेर बसलेत. पोरीनं ज्याच्याबद्दल असं छातीठोक सांगावं, तो बाप बघायचा होता. जागा तिचीच."

ग्यानोबा खुर्चीच्या काठावर कसाबसा टेकला. आयुष्यात एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

बाहेर आल्यावर तो लिंबाखाली थांबला. "पंचे, एस.टी.त मी चुकीचं बोललो."

"काय?"

"लाईन वाढली की गं. मुदखेडापासून थेट हितवर."

पंचशीलेला हुंदका फुटला.

"रडू नकोस, येडे. कळशीत थोडंच पानी उरलंय," असं म्हणत त्याने आपलेच डोळे पुसले.