लेथची वाटणी

शालिग्राम मिस्त्री वारले त्याच वर्षी त्यांच्या दोन मुलांनी लेथची वाटणी केली. घराची, शेताची वाटणी लोकांनी पाहिली होती. पण एका मशीनचे दोन वाटे होताना धुळ्यातल्या आग्रा रोडवरच्या कारखानदारांनी पहिल्यांदाच पाहिले. थोरल्या झुलालने लेथ ठेवला. धाकट्या वनाने त्याचे सगळे गिअर काढले, गोणीत भरले आणि पांझरा नदीपलीकडे देवपुरात घेऊन गेला.

कारण काय, तर पाटी. वडिलांच्या नावाची जुनी पाटी गंजली म्हणून झुलालने नवी रंगवून घेतली आणि तिच्यावर फक्त स्वतःचं नाव घातलं. वना सकाळी आला, रस्त्यावर सायकल धरून उभा राहिला, आणि त्याने पाटी वाचली.

"मी इथे हमाली करत होतो का?" त्याने विचारलं.

"थोरला मी आहे," झुलाल म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. पुढचं सगळं पंचांनी केलं.

गिअर नसलेला लेथ लोखंड फिरवतो, सोलतो, गुळगुळीत करतो, पण त्यावर आटे पडत नाहीत. बोल्टाचे असोत की शाफ्टचे, आट्यांचं काम आलं की झुलालला ते पुखराज शेठच्या कारखान्यात पाठवावं लागे. तिथे मोठा लेथ होता. तसं त्या रस्त्यावर कोणाकडेच सगळं नव्हतं. मोतीलालकडे खाचा पाडायचा शेपर होता, बन्सीलालकडे एक लहानसा लेथ, आणि कामं या दारातून त्या दारात फिरत. पण झुलाल दुसऱ्याच्या दारात गेला की लोक हसत. बायकोने, यशोदाबाईने, त्याला कितीदा तरी सांगितलं की मुंबईहून नवे गिअर मागवा. तो म्हणे, "माझ्याच मशीनचे दात मी विकत घेऊ?"

तिकडे वनाकडे गिअर होते आणि लेथ नव्हता. तो सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त करत बसे. त्यालाही ती गोणी विकायची नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात एका सकाळी यशोदाबाईचा भाऊ भटू साक्रीकडून ट्रकने आला. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला पंपाचा शाफ्ट होता. त्यांच्या गावात आता एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, तेही इतकं खोल की इंजिनाशिवाय वर येत नव्हतं. शाफ्टच्या टोकाचे आटे झिजून गेले होते, नट राहत नव्हता, आणि आतलं चाक सुटून पंप बंद पडला होता.

"बठ्ठा गाव हिरीवर बशेल शे," भटू म्हणाला. "दाजी, कायबी करा."

झुलालने जेवणही टाकलं. लेथला नवा गज लावला, जुन्याच्या मापाने नवा शाफ्ट सोलून काढला. मोतीलालने हातातलं काम बाजूला ठेवून शेपरवर चावीची खाच पाडून दिली. दुपारपर्यंत शाफ्ट चकाचक तयार झाला. राहिले फक्त टोकाचे आटे. ते उलटे होते, डावीकडे वळणारे, आणि हाताने आटे पाडायची तसली डाय अख्ख्या धुळ्यात मिळेना. पुखराज शेठचा लेथ उघडून पडलेला, बेअरिंग मुंबईहून यायचं होतं. बन्सीलालच्या लेथमध्ये एवढा लांब शाफ्ट मावत नव्हता.

झुलाल शाफ्ट मांडीवर घेऊन बसून राहिला.

"वनाकडे जा," यशोदाबाई म्हणाली.

"मेलो तरी जाणार नाही."

"तुम्ही नाही मरायचे. तिकडे माणसं मरतील."

तिने पदर खोचला आणि भर उन्हात पुलावरून देवपूरला निघाली. पांझरा कोरडी पडली होती. पात्रात झिरे खणून बायका वाटीवाटीने पाणी भरत होत्या. ते पाहून तिचा संताप आणखी चढला.

वनाने तिला बघून पाट दिला, पाणी दिलं. तिने पाण्याला हात लावला नाही. सगळं सांगितलं.

"वहिनी, तुम्ही मागता म्हणून मी जीवही देईन," वना म्हणाला. "पण गिअर नाही. भावाने स्वतः येऊन मागावेत. इथे, या दारात."

"ते येणार नाहीत."

"मग मी तरी काय करू?"

"काय करू म्हणता? तुमचं भांडण तुमच्या भावाशी आहे. माझ्या गावातल्या पोरांनी तुमचं काय घोडं मारलं?" तिचा आवाज चढला, शेजारी डोकावले. "पाटीवर नाव नाही म्हणून तुम्ही विहीर बंद ठेवणार. आणि ते थोरले म्हणून बंद ठेवणार. दोघांना एकाच बापाने वाढवलं, लाज कशी दोघांनाही नाही शिकवली?"

वना जागेवरून उठला नाही. ती तशीच परत फिरली. परतताना घरी गेलीच नाही. जुन्या धुळ्यात भिकन भंगारवाल्याकडे गेली आणि त्याला हातगाडीसकट घेऊन आली.

झुलालने गाडी बघितली. "हे काय?"

"लेथ न्यायला आलेत."

"डोकं फिरलं का तुझं?"

"ज्या मशीनवर काम होत नाही ते भंगार. तुम्ही अर्धं ठेवलं, त्याने अर्धं नेलं, दोन्ही भंगारच आहे. भिकन भाऊ, गाडी पुढे घ्या."

भिकन जागचा हलेना. "बाई, मी घरच्या भांडणात नाही पडत."

"मग बाजूला व्हा," म्हणत तिनेच भिंतीवरचा मोठा पाना काढला आणि लेथच्या टोकाचा नट सैल करायला लागली. झुलाल पुढे धावला. तिने पाना उगारला. त्या मुठीकडे आणि तोंडाकडे बघून तो दोन पावलं मागे सरला. आजूबाजूचे कारखाने थांबले. मोतीलाल, बन्सीलाल, त्यांचे कामगार, सगळे दारात येऊन उभे राहिले. कोणी हसलं नाही.

नट जाम होता. तिचा हात सोलला, रक्त आलं, तरी ती थांबली नाही. भटू जवळ आला. "अक्का, ऱ्हाऊ दे," म्हणाला. तिने त्यालाही झिडकारलं.

तोवर कोणीतरी सायकल मारत देवपुरात जाऊन सांगितलं होतं की शालिग्राम मिस्त्रींचा लेथ भंगारात चालला. वना आला तो घामाने निथळत, गोणी कॅरिअरला बांधलेली. गर्दीतून आत शिरला, गोणी लेथच्या पायाशी आदळली आणि भावाकडे बघून म्हणाला, "बापाचं मशीन विकायला काढलंस?"

"मी नाही, ही," झुलाल म्हणाला.

"तुझ्या घरातून निघालं ना?"

"तू पळवलेस ते दात कोणाचे होते?"

दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. शर्टाची बाही फाटली. मोतीलालने आणि भटूने धरलं म्हणून बरं, नाहीतर हातोडे हाताशीच होते. यशोदाबाईने पाना जमिनीवर टाकला. त्या आवाजाने दोघे थांबले.

"आधी आटे पाडा," ती म्हणाली. "मग खुशाल एकमेकांचे गळे दाबा. मी मधे येणार नाही."

वनाने गोणीतून गिअर काढून पुसले आणि एकेक चढवायला घेतले. झुलालने शाफ्ट लेथच्या चकात धरला. काम चालू असताना दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. वना भटूला म्हणे, "त्याला सांगा, मधला गिअर अजून एक लागेल, आटे उलटे आहेत." झुलाल भटूला म्हणे, "त्याला म्हणावं, मला माहीत आहे." पण हात मात्र एका माणसाचे असावेत तसे चालले होते. एकाने पट्टा सोडला की दुसऱ्याने कापायचं टूल मागे घेतलं, पुन्हा तोच आटा, थोडा खोल. पत्र्यावर निळसर कीस पडत गेला. शेवटी भटूने जुना नट लावून पाहिला. तो नखाने फिरवावा तसा बसत गेला.

वनाने लगेच गिअर उतरवायला सुरुवात केली.

यशोदाबाईने ते पाहिलं. तिला वाटलं होतं, आता तरी ते जागेवर राहतील. शाफ्ट पोत्यात गुंडाळला, भावाला म्हणाली, "चाल," आणि अंगावरच्या कपड्यांनिशी साक्रीकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पंप सुरू झाला. पाणी टाकीत पडलं तेव्हा बायका एकदम पुढे सरल्या, हंड्यांवर हंडे आदळले. तिची चुलती म्हणाली, "तुन्हा घरना मानसे देव शेत व माय." यशोदाबाईने हंडा डोक्यावर घेतला आणि चालू लागली.

आठवडा गेल्यावर झुलाल एसटीने तिला न्यायला आला. ओट्यावर टोपी काढून बसला.

"घर उघडं पडलंय," म्हणाला.

"वना कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"मग जा. दोघं मिळून गिअर मशीनवर चढवा, आणि ते तिथेच राहू द्या. त्याशिवाय मी येणार नाही."

"त्याच्यापुढे मान खाली घालू?"

"मी त्याच्या दारात जाऊन आले. माझी मान तुटली नाही. तुमच्या मानेत असं काय आहे?"

झुलाल चहा न घेताच उठला. दोन दिवसांनी वना आला, सायकलने, एवढ्या लांब. त्यालाही तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. तो पाटीचं काहीतरी बोलू लागला, तशी ती उठून विहिरीवर निघून गेली.

त्यानंतर बरेच दिवस कोणी आलं नाही. घरात कुजबुज सुरू झाली, आईने डोळे पुसले, तरी ती बधली नाही. मग भटू बाजाराला धुळ्याला गेला आणि सांगत आला की आग्रा रोडवर दोघे एकाच लेथवर उभे आहेत, गिअर चढवलेले आहेत, जिनिंग मिलच्या बोल्टांचे आटे पडत आहेत.

"बोलतात का?" तिने विचारलं.

"नही. मन्हाशी बोलतंस, एकमेकासंगे नही."

"नसू देत बोलत," ती म्हणाली, आणि पिशवी भरायला घेतली. एसटीत खिडकीशी बसल्यावरही तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. धुळं आलं तशी ती उतरली आणि घरी न जाता आधी कारखान्याकडे चालू लागली, गिअर खरंच जागेवर आहेत का ते स्वतः बघायला.