नणंदेचे नऊ, भावजयीचे तीन

नणंद खिडकीशी, भावजय दाराशी. एकाच घरातून एकाच छत्रीत दोघी यायच्या, पण पेपर तपासायच्या दालनात शिरल्या की मधे टेबलंच टेबलं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं वरचं गणित. प्रत्येक पेपर दोघींनी तपासायचा, आपले गुण वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे, एकीचे दुसरीला दिसू द्यायचे नाहीत. एका गणितात दोन गुणांपर्यंत फरक चालायचा. पुढे गेला की पेपर मुख्य परीक्षकांकडे. त्यांना सगळे पाठीमागे तराजू म्हणत.

नणंदेचा हात आखडता, भावजयीचा सैल. त्यामुळे तराजूंच्या टेबलावर या दोघींच्याच पेपरांची चळत.

"आणखी एकदा असं अंतर पडलं," काल तराजू म्हणाले होते, "तर दोघींची रवानगी बेरजेच्या टेबलावर."

बेरजेच्या टेबलावर नुसते समासातले आकडे. पोरांनी काय लिहिलंय ते वाचायचंच नाही. आणि भावजय तर यायची खोडाखोड वाचायला. कुठे लेकरू अडलं, कुठे रडकुंडीला आलं, कुठे एकाएकी वाट सापडून अक्षर कसं पळत सुटलं, हे बघताना तिला तहान-भूक आठवत नसे.

आज समोर दहा गुणांचं पेटीचं गणित आलं. चौरस पत्र्याचे चारी कोपरे सारखे कापायचे, बाजू दुमडून उघडी पेटी करायची. जास्तीत जास्त मावेल अशी. पत्र्याची बाजू चोवीस. त्यातून काप दोनदा वजा करायचा, या पोराने एकदाच केला. पत्र्याचे दोन कोपरे कापायचे राहूनच गेले. पुढचं विकलन, समीकरण, सगळं मात्र झऱ्यासारखं स्वच्छ.

तिचा हात आठाकडे निघाला होता. तिने तो आवरला. नणंदेचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, भुवया चढवलेला. मनातल्या मनात लेकराची माफी मागितली आणि तीन लिहिले.

दुपारी तराजूंनी दोघींना बोलावलं. समोर दोन चिठ्ठ्या. एकीवर तीन, एकीवर नऊ.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय का?"

"नाही," दोघी म्हणाल्या.

"नऊ तुमचे?" तराजूंनी नणंदेकडे बघितलं.

नणंद चष्मा पुसत बसली. पुसलेलाच पुन्हा पुसला. "मी म्हटलं, ही काय, आठ-नऊ देणार. उगाच अंतर नको पडायला."

"आणि मी म्हटलं, वन्सं काही तीनच्या वर जायच्या नाहीत."

"तीन? अगं, मी काय राक्षसीण आहे?"

"मग मी तरी काय खिरापत वाटते?"

"वाटतेसच. परवा एकाला नुसत्या सुबक आकृतीचा गुण दिलास."

तराजूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे एकीने भावजय तपासली, दुसरीने नणंद. पेपर कुणी तपासला?"

दोघींनी एकदमच पेपराकडे हात नेला.

"बसा इथेच. नमुना उत्तर पुढ्यात घ्या आणि ओळीओळीने मोठ्याने तपासा."

तपासलं. पहिल्या मांडणीचे दोन गुण गेले, त्यावर दोघींचं एकमत. चूक एकदाच, तर शिक्षाही एकदाच. पुढच्या रीतीचे गुण द्यायचे, त्यावरही एकमत. शेवटच्या उत्तराचा एक गेला. भावजयीला धडकी भरली. इतकं एकमत घरात आजवर कधी झालं नव्हतं.

"सात," ती म्हणाली.

"सहा," नणंद म्हणाली. "हीच पेटी सगळ्यात मोठी कशावरून? लिहिलंय, 'बघून कळतं'. याला सिद्ध करणं म्हणतात?"

"शेजारी वक्र काढलाय ना, वन्सं. चढतो, मग उतरतो."

"तो वक्र? मला वाटलं, पेन चालतंय का ते बघितलंय."

तराजूंनी पेपर उजेडात धरला, आडवा केला, उभा केला. मग तो बाजूला ठेवून म्हणाले, "फरक एकाचा. चालतो. जा आपापल्या टेबलावर."

भावजय दाराशी येऊन बसली, पुढचा पेपर ओढला. पहिल्याच पानावर भरपूर खोडाखोड. तिने पदर सावरला आणि वाचायला घेतलं. खिडकीशी नणंद शेजारच्या बाईंना विचारत होती, "तुम्हीच सांगा, बघून कळतं म्हणजे काय?"