दीड तास आधी

ती या घरात आली ते साल एकोणीसशे त्रेसष्ट, आणि घड्याळ चुकलं ते पुढच्या जानेवारीत, नऊ तारखेला, गुरुवारी. तारखेबद्दल त्या घरात पुढे कधी वाद झाला नाही. बाकी सगळ्याबद्दल झाला.

नवरा घड्याळजी होता, बिजवर. पहिली बायको आजारपणात गेली त्याला दोन वर्षं झाली होती. पदरात दोन मुलं, अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा. ती स्वतः चौतिशीची, रुग्णालयाच्या कापडखान्यात विरलेल्या चादरींना ठिगळं लावायची. कचेरीत सह्या करून लग्न झालं, दुपारी ती पुन्हा कामावर गेली. गल्लीतल्या बायकांनी तिचं नाव ‘नवी’ ठेवलं. ‘काय गं नवी, रुळलीस का?’ असं त्या नळावर विचारायच्या आणि उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

मुलांनी तर तिला काहीच नाव ठेवलं नव्हतं. हाक मारायची वेळच येऊ नये अशी त्यांनी बोलण्याची एक तऱ्हा काढली होती. ‘पाणी मिळेल का?’ ‘मोजे कुठे आहेत कुणास ठाऊक.’ वाक्य हवेत सोडायचं. ते तिच्यापर्यंत पोचलं की ती उठायची, पाणी द्यायची, मोजे शोधायची. भांडण नाही, उर्मटपणा नाही. लग्नाच्या जेवणात अनोळखी माणसाशेजारी बसल्यावर आपण वागतो तशी ती दोघं वागायची, अगदी सभ्यपणे.

कापडखान्याच्या मुख्य बाई जाड, तोंडाळ आणि मनाने चांगल्या होत्या. त्या एकदा म्हणाल्या, “जेवूखाऊ घातलेलं पोरांच्या लक्षात राहत नाही, उगीच राबू नकोस. दरवर्षी त्याच दिवशी घरात तोच एक वेडेपणा झाला ना, तर तो मात्र म्हातारपणापर्यंत राहतो. तसलं काहीतरी सुरू कर.”

हे तिच्या मनाने धरलं. तिला फार काही नको होतं. आई होण्याची जागा भरलेली आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण मोठेपणी या दोघांना घर आठवेल तेव्हा त्यात आपण कुठेतरी दिसावं, दाराआड अर्धवट का होईना, एवढंच तिला वाटायचं.

मग तिने खटपट सुरू केली. रविवारी नदीकाठी डबा घेऊन जाऊ म्हणाली. धाकटा म्हणाला, “आई न्यायची. त्या मोठ्या दगडापाशी.” ती गेलीच नाही. झोपताना गोष्ट सांगायला बसली, तर थोरलीने कुशीवर वळून भिंतीला सांगितलं, “गोष्ट आम्ही आमची आमची आठवतो.” थोरलीच्या वाढदिवसाला तिच्या उशाशी चिठ्ठी ठेवली, तर उशीखाली एक जुनी चिठ्ठी आधीच होती, घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली. तिने आपली चिठ्ठी उचलून घेतली आणि चुलीत घातली. बसमध्ये प्रत्येक बाकावर कुणीतरी रुमाल टाकून जागा धरून ठेवावी आणि आपण दांडा धरून उभंच राहावं, तसं तिचं झालं.

त्या घरात एकंदर तेवीस घड्याळं होती. दुकान लहान, म्हणून दुरुस्त झालेली घड्याळं चालवून बघायला घड्याळजी घरी आणायचा. ओटीवर, जिन्यात, स्वयंपाकघरात, जिथे खिळा तिथे घड्याळ. प्रत्येक घड्याळ आपापली वेळ सांगायचं आणि सगळी मिळून टिकटिक अशी की पहिले आठ दिवस तिला झोप लागली नाही. पण अडायचं कधीच नाही, कारण सकाळी घड्याळजी उठवायचा, “ऊठ, साडेसहा झाले.” मुलांना शाळेत तोच सोडायचा. आठ महिने तिने त्या भिंतींकडे वेळ बघण्यासाठी पाहिलंच नव्हतं.

आठ तारखेला तो शेजारच्या गावी मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला गेला. “उद्या संध्याकाळी येतो. मुलांना शाळेत सोड. घंटा आठाची,” एवढंच सांगून.

दुसऱ्या दिवशी ती जागी झाली तेव्हा अंधार होता. ओटीवर पोस्टमास्तरांचं घड्याळ होतं, पुरुषभर उंच, पितळी लंबकाचं. त्याने एक भारदस्त ठोका टाकला. साडेसहा. इतकं रुबाबदार घड्याळ खोटं बोलेल अशी शंका कुणाला आली असती? तिने मुलांना उठवलं, डबे भरले, पाव आणि उकडलेली अंडी. स्वयंपाकघरात ओट्यावर एक गोल, काचेला तडा गेलेलं घड्याळ होतं. त्यात जेमतेम सव्वापाच झाले होते. हे बिचारं अजून दुरुस्त व्हायचंय, असं तिला वाटलं.

थोरली केसांना रिबीन बांधत दारात आली, गोल घड्याळाकडे बघून जरा थांबली आणि मग बूट घालायला गेली.

वाटेत एकही दुकान उघडलेलं नव्हतं. दूधवाल्याने सायकलवरून वळून पाहिलं. ती म्हणाली, “काय धुकं आहे आज,” आणि पाय उचलला. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. ती कडी वाजवत राहिली, तेव्हा आतून शिपाई कंदील घेऊन, कानाला मफलर गुंडाळत आला.

“कोण वारलं?” त्याने विचारलं.

“कुणी नाही. शाळा…”

“शाळा भरायला अवकाश आहे, बाई. सव्वासहा वाजलेत.” त्याने मुलांकडे कंदील धरला. “ही तर घड्याळजींची. घड्याळजींची मुलं आणि दोन तास आधी?”

गल्लीला आता महिनाभर पुरेल एवढं खाद्य मिळालं, हे तिला कळलं. ती फाटकाबाहेरच्या पायरीवर बसली. दगड बर्फासारखा होता.

“साडेसहाच झाले होते,” ती म्हणाली. “मोठं घड्याळ…”

“पोस्टमास्तरांचं?” धाकटा म्हणाला. “ते तर दीड तास पुढे आहे. बाबा त्याला अजून वळण लावतायत. खरं घड्याळ गोल आहे, स्वयंपाकघरातलं. सगळ्यांना माहीत आहे.”

“कुणाला सगळ्यांना?”

“आपल्या घरातल्या सगळ्यांना,” तो सहज म्हणाला. मग त्याला आणखी काहीतरी आठवलं. “ताईने बघितलं होतं निघताना.”

थोरली बुटाच्या टोकाने खडा ढकलत होती. शिपायाने कंदील खाली केला. शहाणा माणूस होता.

रागवावं, रडावं, हात धरून दोघांना परत न्यावं, यातलं काहीच तिला जमेना. मुलीने आपल्याला तोंडावर पडू दिलं होतं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही पडू दिलं असतं, हेही तिला दिसलं. शेवटी तिने पिशवी उघडली आणि डबे काढले.

“भूक लागली असेल,” ती म्हणाली. “खाऊन घ्या.”

“हे मधल्या सुट्टीचं आहे,” धाकटा म्हणाला.

“हो.”

“मग मधल्या सुट्टीत काय खायचं?”

“मधल्या सुट्टीत खेळायचं असतं, लेका,” शिपाई म्हणाला. “खातात ते शिक्षक.” आणि चहा आणायला आत गेला.

धाकट्याला हे फार पटलं. तो पायरीवर टेकला आणि दोन्ही हातांनी खायला लागला. थोरली उभीच होती. मग तीही बसली, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून. तिने अंडं सोललं, दोन तुकडे केले आणि एक तुकडा त्या अंतरात, डब्याच्या झाकणावर ठेवून दिला.

नवीने तो उचलला.

उजाडायला तासभर लागला. चहा पिता पिता धाकटा घड्याळं सांगायला लागला. जिन्यातलं शिंप्याचं, ते पावसाळ्यात मागे पडतं. पक्ष्याचं घड्याळ दाताच्या डॉक्टरांचं, त्यातला पक्षी दीड वर्ष बाहेर आलेला नाही. तो चुकला की थोरली दुरुस्त करायची. “न्हाव्याचं नाही, न्हाव्याच्या सासऱ्याचं.” मध्येच ती म्हणाली, “गोल घड्याळ आईने आणलेलं. काच माझ्या चेंडूने फुटली. तिने बदलू दिली नाही.” हेही तिने हवेतच सोडलं होतं, पण या वेळी तोंड नवीच्या बाजूला होतं.

संध्याकाळी घड्याळजी आला. गल्लीने त्याला वाटेतच सगळं सांगितलं होतं. तो हसला, म्हणाला, “मी सांगायला विसरलो वाटतं.” वाईट माणूस नव्हता. ज्याच्या घरी तेवीस घड्याळं असतात, त्याला माणसाला वेळ कशी कळते असा प्रश्न पडत नाही.

त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. मोजे कुठे आहेत कुणास ठाऊक. पायरीवरची ती सकाळ आपल्याच डोक्यात घडली की काय, असं तिला वर्षभर वाटत राहिलं.

पुढच्या नऊ जानेवारीला मात्र अंधारात कुणीतरी तिच्या पलंगाशी उभं होतं. थोरली होती. केसांना रिबीन बांधलेली, हातात भरलेले डबे.

“उशीर झालाय,” ती म्हणाली. “उठायचं.”

स्वयंपाकघरात गोल घड्याळात पाच वाजले होते. तिघांनीही त्याकडे पाहिलं आणि बूट चढवले.

मग ते दर वर्षी झालं. पाव, अंडी, पायरी, शिपायाचा चहा. मधली एका माणसाएवढी जागा तशीच राहिली, पण झाकण तिथे यायचं. घड्याळजी म्हणायचा, “लोक काय म्हणतील?” आणि कुशीवर वळायचा. मुलं मोठी झाली, शाळा सुटली, तरी नऊ तारखेला तिघं जाऊन बसायची. थोरलीला दाढीमिशा फुटलेल्या भावासोबत शाळेच्या पायरीवर बसायची लाज वाटायची, पण यायची. मग तिचं लग्न झालं, ती दूर गेली. दोन वर्षांनी धाकटा जहाजावर लागला.

पहिल्या वर्षी नवी एकटी गेली आणि सवयीने तीन डबे घेऊन गेली. जुना शिपाई निवृत्त झाला होता. नव्या शिपायाने विचारलं, “काय काम आहे, मावशी?” ती म्हणाली, “काही नाही, लवकर आले.” पुढची बरीच वर्षं ती असंच म्हणत राहिली. अंडं सोलताना तिच्या मनात एकच यायचं, की जिथे असतील तिथे त्यांना आज नऊ तारीख आहे हे ठाऊक असेल का. थोरलीची पत्रं यायची, चार ओळींची, वरती काही न लिहिता थेट सुरू होणारी. त्यात जानेवारीचा उल्लेख कधीच नसायचा.

एकोणीसशे शहाऐंशीच्या फेब्रुवारीत असंच एक पत्र आलं. तब्येत, बदली, हवा. मग शेवटी होतं: ‘नऊ तारखेला मुलींना दीड तास आधी उठवलं. दर वर्षी उठवते. इथल्या शाळेला पायऱ्या नाहीत, बसथांब्यावर बसून डबे खातो. या वर्षी धाकटीने विचारलं, हे मैत्रिणींना सांगू का. मी म्हटलं नको, हे फक्त आपल्या घरातल्यांना माहीत असतं.’

तिने पत्र दोनदा वाचलं. वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं.

घड्याळजी त्याआधीच, ब्याऐंशी साली, दुकानात बसल्या बसल्या गेला होता. लोक येऊन आपापली घड्याळं घेऊन गेले. पोस्टमास्तरांचं कुणी नेलं नाही. ते ओटीवर दीड तास पुढे चालत राहिलं. तिने किल्ली देणं चुकवलं नाही आणि काटे कधी फिरवले नाहीत. मुख्य बाई निवृत्त होऊन बहिणीकडे गेल्या, आपण असा काही सल्ला दिला होता हे त्यांना आठवत नव्हतं. धाकटा जहाजावरून उतरला तो परक्या बंदरातच राहिला, तिथे घड्याळांचं नव्हे, रंगाचं दुकान काढलं. थोरली मुख्याध्यापिका झाली, शिस्तीची म्हणून मुलं तिला घाबरायची. तिने नवीला शेवटपर्यंत हाक मारली नाही.

नवी सत्त्याण्णव साली गेली. गल्लीत तेव्हाही तिला नवीच म्हणत. घर रिकामं करायला दोघं आली. गोल घड्याळ थोरली नेईल असं सगळ्यांनी धरलं होतं. तिने ते कागदात गुंडाळून भावाला दिलं. उंच घड्याळ न्यायला टेम्पो लागला. हमालाने विचारलं, “बाई, हे बरोबर चालतं का?”

“चालतं,” थोरली म्हणाली, आणि लंबकाला इजा होऊ नये म्हणून सबंध वाटभर मागे त्याला धरून बसली.