बिनखिळ्याचा पाळणा

दगड नव्हता. लाकडी पेटी होती, पेटीतलं फडकं होतं, फडक्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. फक्त ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो दगड नव्हता.

रामकिसनने पेटी उलटी करून झटकली. दगड काही झुरळ नव्हे, की फटीत दडून बसेल. पण माणूस चिडला की असंच करतो. मग त्याने कपाटातलं एकेक हत्यार काढून पलंगावर मांडलं. दोन्ही कडांना दात असलेली करवत, पोलादी पाठीच्या पटाश्या, ओकच्या लाकडाचे बुटके रंधे. सगळी हत्यारं खास जपानची, आणि सगळी जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेली. खुद्द नातवाला इतकी मऊ दुपटी मिळाली नव्हती, असं त्याच्या बायकोचं, सोजराबाईचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"माझं हत्यार गेलं!" तो ओरडला. "रविवारी बारसं, आणि आज हत्यार गेलं!"

"हळू बोला, बाळ आत्ता झोपलंय," स्वयंपाकघरातून सोजराबाई म्हणाली. "तुमच्या हत्यारांना या घरात कोण हात लावतंय?"

हे मात्र खरं होतं. कपाटाला हात लावायचा नाही, हा या घरातला सगळ्यांत जुना कायदा होता.

रामकिसन मूळचा जालन्याकडचा. ऐन तारुण्यात बोईसरला आला, तारापूर एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात चिकटला आणि टूलरूमचा फोरमन होऊन निवृत्त झाला. मधल्या काळात कारखान्यात एक जपानी इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. कँटीनच्या तिखटाला घाबरून बिचारा केळ्यांवर जगायचा. एका दुपारी त्याने पिशवीतून रंधा काढला, मशीनच्या खोक्याची फळी समोर घेतली आणि आपले सुतार पुढे ढकलतात तो रंधा त्याने स्वतःकडे ओढला. एक सलग ढलपी निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिच्यातून वरची ट्यूबलाइट दिसत होती. ती ढलपी रामकिसनने पाकिटात ठेवली. तिचा भुगा झाला, पण डोक्यातून ती गेली नाही. जाताना साहेबाने त्याला एक करवत दिली आणि तिथून या माणसाचा संसार सुरू झाला, म्हणजे कपाट भरत गेलं.

हत्यारांची पार्सलं कारखान्याच्या गेटवर यायची, घरी नाही. वारा फिरला की एमआयडीसीची हवा सरावलीत, त्याच्या घरापर्यंत, येते आणि तिला पोलाद फार आवडतं. म्हणून दर महिन्याला तेलपाणी. शेजाऱ्यांनी खिडकीची पट्टी कापायला करवत मागितली की, "ती तसल्या कामाची नाही." बायकोच्या विळीचा पाट कित्येक वर्षं डुगडुगत होता आणि त्याखाली ती कागदाची घडी घालत होती, तिलाही तेच उत्तर. मग ती कसल्या कामाची, हे मात्र कुणाला दिसलं नव्हतं. आधी धार लावायला चांगला दगड नव्हता. क्योटोच्या डोंगरातला दगड आला, तर चांगलं लाकूड नव्हतं. केळव्याला एक जुनं घर पाडून रिसॉर्ट होत होतं, तिथला सागवानी वासा मिळाला, तर पावसाळा होता. पावसाळा संपला, तर वासा इतका सुंदर निघाला की त्यावर करवत चालवायचा धीर होईना. असा सगळा हिशेब कायम एका रकमेने चुकत राहिला, आणि रामकिसन मजेत होता.

मोडता घातला तो नातवाने. राजनंदिनी बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि पाळणा आजोळने द्यायचा म्हणून व्याह्यांचा, नागोरावांचा, फोन आला. रामकिसन फोनवर बोलून गेला, "पाळणा मी स्वतः करणार. एकही खिळा नाही. जपानी पद्धत." नागोरावांनी हे जालन्यातल्या अख्ख्या भावकीला सांगितलं. बारसं सव्वा महिन्याने ठरलं, कारण करणाऱ्याला वेळ मिळावा.

वेळ मिळाला. रामकिसन रोज जेवण झालं की मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. "काय चाललंय?" विचारलं की, "धार लावतोय. धारेला घाई चालत नाही." वासा गॅलरीत होता तसाच उभा होता, त्यावर आता बाळाची दुपटी वाळत होती.

आणि आज, एकच आठवडा उरला असताना, त्याने खरोखरच दगडाची पेटी उघडली होती.

पलंगावर बसून त्याने मनातल्या मनात संशयितांची छाननी केली. भांडीवाली कपाटाला घाबरते. जावई आला तेव्हा मोबाइलमधून वर बघत नव्हता. राहिला अंकुश. अंकुश केळवे-माहीमचा, कारखान्यात त्याच्याच हाताखाली होता. आता बोईसरला प्लायवूडच्या फर्निचरचं दुकान टाकून बसला होता. दिवाळीत तो घरी आला, दगड हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाला होता, "काका, यानी आमच्या कोयत्याला धार लागल काय?" शिवाय बाळ झाल्यावर पेढे घ्यायला आला तेव्हा सांगून गेला होता, "कशाला डोकं लावता? आमी एका दुपारी पाळणा करून देतो. गुलाबी सनमायका मारून!" ज्याला पाळणा प्लायवूडचा व्हायला हवा, त्याचाच दगड नाहीसा होण्यात फायदा. रामकिसनला हे गणित इतकं पटलं की त्याने चपला उलट्या पायांत घातल्या.

नवापूर नाक्याजवळच्या दुकानात अंकुश मशीनवर प्लाय कापत होता. आवाज थांबेपर्यंत रामकिसन थांबला नाही. त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य मशीनने खाल्लं, आणि दुसरं, मशीन नेमकी बंद पडल्यावर, शेजारच्या वडापाववाल्यानेही ऐकलं.

"दगड मुकाट्याने दे!"

"कसला दगड, काका?"

"नाटक करू नको. दिवाळीला हातात घेतला होतास. कोयत्याला पाहिजे होता ना? घेऊन गेलास, आणि वर माझा पाळणा बंद पाडायला निघालास!"

अंकुशने चष्म्यावरचा भुसा पुसला. दोन हिंदी भाषक कारागीर हातातलं काम ठेवून बघत उभे राहिले. "सेठ, क्या हुआ?" एकाने विचारलं.

"कुछ नाय. मेरे को चोर बोला," अंकुश म्हणाला आणि रामकिसनकडे वळला. "काका, टूलरूममधी तुमी मला शिव्या घातल्या, त्या आमी खाल्ल्या. पण चोर नाय बोलला कधी. चला. काकीसमोर बोला हे."

"बोलतो की! घाबरतो काय?"

स्कूटरवर मागे बसून, ज्याच्यावर आळ घेतला त्याचाच खांदा धरून, रामकिसन घरी आला. वाटेत खड्डा आला की अंकुश, "धरून बसा," म्हणत होता. त्याचाही रामकिसनला राग आला.

दार राजनंदिनीने उघडलं. बाळ जागं होतं आणि पाय आपटत रडत होतं.

"सोजरा, बाहेर ये!" रामकिसन म्हणाला. "या अंकुशला विचार, माझा क्योटोचा दगड कुठाय ते."

सोजराबाई बाहेर आली. तिच्या एका हातात वेखंडाचं कांड होतं आणि दुसऱ्या हातात, बगलेशी नीट धरलेला, ओला, पिवळट, क्योटोच्या डोंगरातला दगड होता.

"हा व्हय?" ती म्हणाली. "ह्याला नाव पण आहे का?"

दगडाच्या आरशासारख्या सपाट पाठीवर मधोमध एक पसरट खळगा पडला होता आणि त्यात वेखंडाचा घट्ट लेप साचला होता.

"तू म्हणालीस, हत्याराला हात लावला नाही!"

"नाहीच लावला. हत्याराला कुठं लावला? दगड घेतला. माझी सहाण गावाकडंच राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुटी द्यायची नाही, पोटात काही घालायचं नाही. म्हटलं, पोटात नाही तर पोटावर. वेखंड उगाळून लावलं की पोर कसं शांत होतं बघा." तिने बोट बुडवून बाळाच्या बेंबीभोवती लेप फिरवला. बाळ खरोखर गप्प झालं. हा त्याचा आजोबांवरचा पहिला अन्याय. "आणि काय मऊ उगाळतो हो! बाजारात असली सहाण मिळायची नाही."

"अगं, याच्यावर धार लावायची असते! कागदासारखा सपाट लागतो तो! खड्डा पाडलास तू!"

अंकुश इतका वेळ दाराला टेकून उभा होता. त्याने फक्त विचारलं, "काकी, कधीपासून वापरता?"

"पाचवी पुजली ना, त्या दिवसापासून."

हिशेब सगळ्यांनी एकदमच केला. पाचवी पुजली त्याला महिना होत आला होता, आणि महिनाभर रोज जेवणानंतर बंद दाराआड, ज्या दगडावर धार लागत होती, तो दगड स्वयंपाकघरात होता.

राजनंदिनीने पदर तोंडाला लावला. "बाबा, मग तुम्ही आत काय करत होता?"

रामकिसन तिथे हत्यारं फडक्यातून काढत होता, पुसत होता, उजेडात धरत होता आणि परत गुंडाळत होता. कधी कधी झोपही लागायची. हे सांगण्यासारखं नव्हतं. त्याने सोजराबाईकडे बघितलं, तर ती बाळाकडे बघत होती. तिला हे आधीच माहीत होतं, हे त्याला कळलं, आणि ते सगळ्यांत जास्त लागलं.

"अंकुश," तो म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं ऱ्हाऊ द्या. वासा काढा," अंकुश म्हणाला. "माझ्यासमोर कापा. मला पण बघायचं हाय, ही करवत कापते कशी."

आता पळवाट नव्हती. गॅलरीतली दुपटी काढली. वासा दोन पाटांवर आडवा झाला. अंकुशने एक टोक धरलं. रामकिसनने काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारली, पुसली, परत मारली. शेजारच्या गॅलऱ्यांत, ज्यांना करवत कधी मिळाली नव्हती ती मंडळी, चहाचे कप घेऊन उभी राहिली. मग त्याने करवत ओढली.

आणि काय सांगावं, चालली! आवाज कसला, नुसता रेशीम फाडल्यासारखा. सागाचा वास सुटला. साहेबाने दाखवलं होतं तसं त्याने खांदा सैल सोडला, मान तिरकी केली, आणि त्याला वाटलं, हात अजून शाबूत आहे, उगाच भीत होतो. इतकी वर्षं उगाच. "बघितलंस?" तो अंकुशला म्हणाला.

खट्ट.

आवाज लहानसाच होता. करवतीचे पाच-सहा दात भुश्यात पडले. चिरेत अंधारात काहीतरी चकाकत होतं. जुन्या घराचा वासा. कुणीतरी कधीतरी त्यात एक खिळा ठोकला होता, त्याचं डोकं मोडून गेलं होतं आणि बाकीचा खिळा बिनखिळ्याच्या पाळण्याची वाट बघत आत बसला होता.

अंकुश हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याने दात एकेक वेचून रामकिसनच्या तळहातावर ठेवले. "वरून दिसत नव्हता, काका. मी पण धरला होता ना."

पाळणा शेवटी अंकुशनेच केला, एका दुपारी, बोलला होता तसा. पण त्या दिवशी दुकानात परत जाताना त्याने वाशाचा धड राहिलेला तुकडा पायाने पुढे ढकलून सांगितलं होतं, "वरचा दांडा नाय करत मी. खेळणी टांगायचा. तो तुमी करा."

तेवढ्यासाठी दगड मागावा लागला. सोजराबाईने अट घातली: सकाळी वेखंड, दुपारनंतर रंध्याचं पातं, आणि परत देताना धुऊन. पातं घासण्याआधी खळगा घासून सपाट करायचा, आणि सकाळी तिने तो परत पाडायचा, असं आठवडाभर चाललं. रोज रामकिसन शिव्या घालत बसायचा, दगडाला, वेखंडाला, केळव्याच्या त्या खिळा ठोकणाऱ्याला. पात्याला धार तरी लागली. शनिवारी रंधा ओढला, तेव्हा ढलपी निघाली. फार पातळ नव्हती. ट्यूबलाइट दिसली नाही, नुसता उजेड दिसला. पण सलग होती, आणि तिला वेखंडाचा वास होता.

बारशाला नागोराव जालन्याहून भावकी घेऊन आले. आत शिरताच त्यांनी पाळण्याच्या गुलाबी सनमायकावरून हात फिरवला, मागे सरून बघितलं, परत हात फिरवला.

"वा, व्याही! याला म्हणतात फिनिशिंग! जपानी ते जपानीच!"

भावकीने माना डोलावल्या. अंकुश कोपऱ्यात जिलेबी खात होता. तो खायचा थांबला. गप्प बसणं अगदी सोपं होतं. रामकिसनने घसा खाकरला.

"पाळणा या अंकुशचा आहे, प्लायवूडचा. खिळे भरपूर आहेत. मी केलाय तो वरचा दांडा."

"कुठला दांडा?" नागोरावांनी वर बघितलं.

दांड्याला राजनंदिनीच्या नणंदेने फुगे, झालर आणि चमचमती पट्टी अशी काही गुंडाळली होती की साग तिळभर दिसत नव्हता. फक्त खालून, पाळण्यात उताणं पडल्यावर, एक बोटभर पट्टी उघडी दिसली असती, आणि तिथे जो पडला होता तो झोपला होता.

"असू दे," रामकिसन म्हणाला.

पाहुणे जेवायला बसले. तो मागच्या खोलीत गेला आणि सवयीने दार लावून घेतलं. पेटी उघडली, दगड धुऊन, पुसून, फडक्यात परत आला होता. पेटीला टेकून, जिच्याखालची कागदाची घडी काढून टाकली होती अशी, विळी उभी होती.

त्याने विळीचा पाट हातात घेतला. हलवून बघितला. फारच डुगडुगत होता.

"हिच्यात पण खिळाच असणार," तो चडफडला, आणि दार उघडून ठेवून, एक पटाशी घेऊन खाली बसला.