बंदुकीच्या मापाचा चहा

पहिल्याच घोटाला उकंडानं बशी खाली ठेवली.

"ममते, हा चहा हाय का भांडे धुतलेलं पानी?"

"रोजच्यावानीच केला, मामाजी," सून आतून म्हणाली. "एक झाकन पत्ती."

उकंडानं बशी पुन्हा नाकाशी नेली. वरात पुढं निघून गेल्यावर रस्त्याला फटाक्यांचा येतो, तसा वास चहाला होता.

"थे झाकन आन बरं इकडं."

ममतानं झाकण आणलं. पितळी, कडेला चेपलेलं. उकंडाच्या बापाच्या तपकिरीच्या डबीचं. म्हाताऱ्यानं जाताना ठासणीची बंदूक, तिचा पीकरक्षणाचा परवाना आणि हे झाकण मागं ठेवलं होतं. बंदुकीत दारू भरायची ती याच झाकणानं, एकदा, बोटानं सपाट करून. वजन कोणी करत नसे. माप चुकलं तर बंदूक स्वतःच सांगते, असं म्हातारा म्हणायचा. तिची सांगायची रीत शेजारच्या लखीरामनं पाहिली होती. लखीरामचा अंदाजावर फार विश्वास. आता त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अंदाजानंच धरावं लागतं.

"हे बंदुकीचं माप हाय," उकंडा हळूच म्हणाला. "मंग चहाचं कुठं हाय?"

चहाचं झाकण, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं, चांगलं दुपटीनं मोठं, उकंडाच्या दारूच्या पिशवीत निघालं.

"काल फळी पुसताना दोन्ही खाली काढलते," ममता रडवेली झाली. "पितळी चांगलं दिसलं. मले वाटलं, चांगलं थे चहाचं असन."

यात तिची चूक काढणं कठीण होतं.

निवडणूक लागली होती, म्हणून परवान्याच्या सगळ्या बंदुका आज ठाण्यात जमा करायच्या होत्या. डुकरं मात्र तुरीत यायची थांबणार नव्हती. उकंडानं काल संध्याकाळी एक शेवटचा बार भरून ठेवला. छर्रा तो कधीच घालत नसे, नुसता आवाज काढायचा. पण डुकरांना निवडणुकीचं कळलं असावं. ती आलीच नाहीत. तेव्हा आज चहा झाला की शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहून बार हवेत काढायचा, बंदूक रिकामी करायची आणि बस धरायची, असा बेत होता.

चहा झाला की.

चहा कडक असता, तर या वेळेला तो धुऱ्यावर असता. उकंडानं दुप्पट भरलेल्या बंदुकीकडं पाहिलं. ती कोपऱ्यात रुसलेल्या जावयासारखी उभी होती. गप्प, आणि कोणी काही बोलायची सोय नाही.

बातमी कळताच लखीराम आला आणि दारातच थांबला.

"झाडाले बांधू. घोड्याले दोरी लावू. नाल्यात बसून वढू."

"कोनाच्या झाडाले?"

"तुह्या."

"तुह्या बाभळीले काहून नाही?"

"माही बाभूळ चांगली हाय, भाऊ."

उकंडाची बायको तुळसाबाई एवढा वेळ गहू निवडत होती. नवऱ्याकडं न पाहताच ती म्हणाली, "झाकन ममतानं बदललं. पन भरलं तर तुमीच ना?"

"अंधारलं होतं."

"लाइट लागला होता."

मी डोळे मिटून बंदूक भरतो, असं उकंडा आयुष्यभर चारचौघांत सांगत आला होता. काल जवळजवळ तसंच झालं होतं.

तुळसाबाईनं सूप बाजूला ठेवलं. उरलेला चहा केटलीत ओतला, घासलेट ओतायची नरसाळ्यासारखी चाडी घेतली आणि बंदुकीपाशी गेली.

"तुळसे! काय करून राह्यली?"

"तुमी पेत नाही ना? तिले पाजतो."

नळीच्या तोंडावरून आपलं तोंड बाजूला ठेवून तिनं चाडी लावली. बंदूक घोट घोट प्यायली. केटली संपली. थोड्या वेळानं बंदुकीच्या कानातून, ठिणगी आत जायच्या छिद्रातून, काळं पाणी ठिबकायला लागलं.

"मेली," तुळसाबाई म्हणाली. "ओली दारू कोनाचं काही करत नाही."

लखीरामनं उरलेली बोटं कानातून काढली. उकंडाला हसू काही केल्या आवरेना. दुपारपर्यंत त्यानं गजानं काळा चिखल खरवडून काढला.

ठाण्यात प्रेरणा नावाची शिपाई बंदुका घेत होती. तिनं नळी तिरकी केली. टेबलावर एक तपकिरी थेंब पडला.

"बाबा, हे काय आहे?"

"चहा."

"बंदुकीत?"

"घरी कोनी पेत नव्हतं."

तिनं उकंडाकडं बराच वेळ पाहिलं, मग टेबल पुसलं. "ही पावती. निकाल लागला की बंदूक घेऊन जा."

उकंडानं पावती जवळ धरली, लांब धरली. कुठंच अक्षर दिसेना.

"माही घाई नाही, बाई," तो म्हणाला. "लोकायले निवडून येऊ द्या आरामानं."

खांद्यावर काही नसल्यानं घरी येताना तो जरा एका बाजूला कलूनच चालत होता.

संध्याकाळी तो ताटली आणि पितळी झाकण घेऊन तुरीच्या धुऱ्यावर बसला. तूर हलली. त्यानं झाकण ताटलीवर आपटलं. टन्न. या आवाजानं मांजरही उठलं नसतं. मोठ्या डुकरानं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं, आणि ओळखीच्या म्हाताऱ्याचा मान ठेवावा तसं कळप घेऊन निमूट लखीरामच्या शेतात गेलं.

उकंडानं झाकण सदऱ्याला पुसलं, चेपलेली कड अंगठ्यानं चाचपून पाहिली आणि ते वरच्या खिशात ठेवलं.