लायसनवाली जानी

"परत वाच," जानी म्हणाली.

निलमने दुसऱ्यांदा वाचलं. डहाणूच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत परवापर्यंत बकऱ्या चरत होत्या. आज तिथे पत्र्याचं कुंपण आलं होतं आणि कुंपणावर भला मोठा फळा. फळ्यावर चार मजली इमारतीचं चित्र होतं, चित्रात हिरवीगार झाडं होती, आणि खाली बांधणाऱ्याचं नाव. निलम चिकूच्या वखारीत जानीशेजारी बसून फळं निवडायची, पण नववीपर्यंत शिकलेली. तिचं वाचणं चुकण्यासारखं नव्हतं.

"नविनशेठच हाय, मावशी. तोच."

"त्याला बांधता येत नाय. त्याचं लायसन मी काढून घेतलंय."

हे वाक्य निलमने हजार वेळा ऐकलं होतं, आणि वखारीतल्या सगळ्या बायकांनीही.

जानीचा मुलगा जीवन, एकुलता एक. नविनशेठच्या कामावर स्लॅब भरत असताना तो खाली टेकू सांभाळायला उभा होता. टेकू कमी, त्यातले निम्मे कुजके. वरचा ओला स्लॅब टेकूंसकट खाली बसला. बाकीचे पळाले, जीवन पळाला नाही, की पळू शकला नाही, ते आता कोण सांगणार? घरात कोवळी सून संगिता आणि पाळण्यातली नात रूपी. पोलिसांत केस झाली आणि कोर्टात तारखा पडत राहिल्या. लोक म्हणाले, जानी, हातावर पोट आपलं, पाण्यात राहून माशाशी वैर नको. पण पालिकेने चौकशी लावली तेव्हा ती गेली. तिथल्या कारकुनाने, हरिश्चंद्र सावे यांनी, स्वतः खुर्ची ओढून दिली. साहेबांसमोर खुर्चीत बसायची तिची जन्मातली पहिली वेळ. ती कडेलाच टेकली, पण बोलली मात्र सगळं. टेकू कसे होते, जीवनने आदल्या दिवशी घरी काय सांगितलं होतं, सगळं. आणि पालिकेने खरोखरच नविनशेठचं लायसन रद्द केलं.

रद्द म्हणजे काय, ते जानीने आपल्यापुरतं समजून घेतलं होतं. पाड्यावर पंचांनी एखाद्याला वाळीत टाकलं की त्याला आजूबाजूच्या कुठल्याच पाड्यावर पंगतीला बसता येत नाही. हेही तसंच. या माणसाच्या हातून आता कुठेच घर उभं राहणार नाही. घरी जाताना सायवनच्या एसटीत लोक तिला चिडवायचे, "सरका रे, लायसनवाली आली!" ती लटकं रागवायची. मनातून मात्र तिला ते फार आवडायचं. पोर गेलेल्या बाईला जगायला काहीतरी लागतं. तिला हे होतं.

त्या दुपारी ती वखारीतून उठली ती थेट पालिकेत गेली. सावे खिडकीशी बसले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं, आणि ओळखून त्यांचा चेहरा उतरला.

"या, जानीबाई. बसा."

"हाताला चीक हाय, खुर्ची खराब होईल. नविनशेठचा फळा लागलाय, भाऊ. काढायला लावा."

"नाही काढता येणार." सावेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राज्याचा नवा कायदा झालाय. ठेकेदारांना लायसन देणं आता आमच्या हातात नाही राहिलं. मुंबईत एकच नोंदणी करायची, ती सगळ्या राज्यात चालते. आम्ही दिलेली लायसनं रद्द झाली. आणि आम्ही जी रद्द केली होती, ते रद्द करणंही रद्द."

कायदा तसा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. गावोगावी परवान्यांचा बाजार मांडलेला होता, प्रामाणिक माणसालासुद्धा हात ओले केल्याशिवाय कागद मिळत नव्हता. तो बाजार उठवायला कायदा आला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणतात. जळणाऱ्याला त्याने काय दिलासा मिळणार!

"मग मुंबईला कळवा ना. हा मानूस पोरं मारतो म्हणून."

"कळवलं होतं. ते म्हणतात, कोर्टाचा निकाल दाखवा."

"निकाल कुठं लागलाय?"

"तेच तर."

जानी स्वतःचीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "जाऊ दे. इतकी वरसं घरी बसला ना? तेवढं तरी झालं."

इथे सावे खोटं बोलले असते तर पुण्य लागलं असतं. पण माणूस सरळ, आणि सरळ माणसाला नेमकं नको तिथे खरं बोलायची खोड असते.

"आमचं लायसन आमच्या हद्दीपुरतंच होतं, जानीबाई. त्याने इथे काम नाही केलं, एवढंच. तलासरीकडे त्याचं चालूच होतं. गोडाऊनं बांधली, चाळी बांधल्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

जानीला माहीत नव्हतं. तिला हद्द म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. ती आली तशी निघाली आणि एसटीत खिडकीशी बसली. कोणीतरी नेहमीसारखं ओरडलं, "सरका, लायसनवाली!" आज पहिल्यांदा तिला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. इतकी वर्षं आपण मिरवत होतो आणि तो पलीकडच्या गावात बांधत होता. आणि पलीकडच्या गावाला तर आपली सून कामाला जाते.

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि ती ताठ झाली.

संगिता संध्याकाळी टेंपोतून उतरली. तलासरीला कंपनीत पॅकिंगचं काम करते, असं ती सांगायची. ओट्यावर बसून पाय धुवायला लागली तशी जानी वाकली आणि तिने तिचा पाय हातात घेतला. टाचेच्या भेगांत सिमेंट बसलं होतं. ते काही आजचं नव्हतं. महिनोन्‌महिने हे पाय जानीच्या डोळ्यांसमोरून ये-जा करत होते.

"कोणाच्या कामावर जाते?"

संगिताने पाय सोडवून घेतला नाही. "तुला कळलं ना आता. मग कशाला इचारते?"

"तुला दुसरा कोणी नाय मिळाला?"

"नाय मिळाला. कंपनीत दोनदा गेली, दोनदा परत पाठवली. रूपीला काय तुझं लायसन खायला घालू, आय?" बोलून गेली आणि तिचा तिलाच हुंदका आला. "मला काय बरं वाटते का तिथं? मुकादमाने पैल्या दिवशी इचारलं, नवऱ्याचं नाव काय. जीवनचं सांगितलं असतं तर उभी केली असती का? केस करनाऱ्यांच्या घरची बाई ती. मी सुनिल सांगितलं. तिथं मी सुनिलची बायको हाय."

जानीच्या हातातून पाय सुटला. पोर एकदा स्लॅबखाली गेलं होतं. आता त्याचं नावही गेलं, आणि तेही आपल्याच माणसाच्या तोंडून. सुनेला एक थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. आत जाऊन तिने चूल पेटवली.

घर चालू राहिलं, कारण घराला दुसरं काही येत नाही. पावसाळा गेला. डहाणूच्या कामावर माणसं कमी पडली तेव्हा मुकादमाने संगितासकट तलासरीची टोळी इकडे आणली आणि पत्र्याच्या कुंपणाआड खांब वर चढले. एका संध्याकाळी संगिता जेवता जेवता म्हणाली, "उद्या स्लॅब हाय." घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. "मला खाली उभं राहायला सांगितलंय. फळ्यांतून पानी गळते तिथं चिंध्या कोंबायला."

जानीने नातीकडे पाहिलं. रूपी भाताची शितं जमिनीवरून वेचून खात होती.

"मी येते," जानी म्हणाली. "तू वर जा. खाली मी राहीन."

"आय, तुला ओळखतील. हाकलतील दोघींना."

"नाव दुसरं सांगेन."

सकाळी रूपीला शेजारणीकडे ठेवून दोघी गेल्या. जानीने पदर कपाळावर ओढला होता. मुकादमाला माणूस हवंच होतं.

"नाव?"

"चंपा."

खुर्चीच्या कडेला टेकून जिने साहेबांसमोर आपलं नाव, सासरचं नाव, पोराचं नाव खणखणीत सांगितलं होतं, तिने हे दोन अक्षरांचं नाव जमिनीकडे बघत सांगितलं. मुकादमाने मान वर करूनही पाहिलं नाही.

मिक्सर सुरू व्हायच्या आधी नविनशेठ आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटले. जानीपुढे आला तेव्हा तिने तळहात पुढे केला. पदर वाऱ्याने मागे गेला होता. चौकशीत हा माणूस तिच्यासमोर हातभर अंतरावर बसला होता, आणि ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलली होती. त्याने आताही सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"घ्या मावशी, प्रसाद," तो म्हणाला आणि पुढच्या बाईकडे वळला.

त्याने ओळखलं नाही. ओळखू नये म्हणूनच तर नाव बदललं होतं, पण आता तिला कळलं की त्याची काही गरजच नव्हती. इतकी वर्षं ती त्याला एक दिवसही विसरली नव्हती, आणि त्याच्या लेखी ती कधी कोणी नव्हतीच. तिला वाटलं, ओरडून सांगावं, अरे, मी जानी, जीवनची आय! मग तिला वर जाणारी संगिता दिसली, डोक्यावर चुंबळ ठेवून शिडी चढणारी. ती ओरडली नाही.

ती टेकूंच्या गर्दीत शिरली. आत अर्धवट अंधार होता. मिक्सर घरघरायला लागला, वर पावलं धावायला लागली, घमेली रिकामी व्हायला लागली, आणि फळ्यांच्या सांध्यांतून राखाडी पाणी ठिबकू लागलं. जानी चिंध्या कोंबत एकेका टेकूजवळून फिरत होती. प्रत्येकाला हात लावून बघत होती. यातल्या कुठल्यापाशी जीवन उभा राहिला असता, असं काहीबाही मनात येत होतं. वर माल पडला की फळ्या हलकेच करकरायच्या आणि ती जागच्या जागी थांबायची. ती पळाली नाही. वर जोवर सून होती तोवर ती खालून हलणार नव्हती.

मध्येच वरची पावलं थांबली. फळ्यांच्या फटीतून संगिताचा आवाज आला, घाबरलेला.

"चंपाबाय! हायेस का गं?"

"हाय," जानी म्हणाली.